तुम्ही विचारलंत म्हणून: मॅकला फॉरमॅट मारू का?

"मावशी, मॅक फार स्लो झालाय. फॉरमॅट मारून घेऊ का?"

हा प्रश्न मला नाशिकच्या सिडकोतून येतो, पंचवटीतून येतो, नाशिकरोडहून येतो. विचारणारी कधी कॉलेजातली मुलं असतात, तर कधी परदेशातल्या मुलाने आणून दिलेला मॅकबुक वापरणारे निवृत्त काका. मी दुरुस्ती करणारी नाही. छापखान्यात पानं लावता लावता मॅकवर पंधरा-सोळा वर्षं गेली, एवढाच माझा अधिकार. दर वेळी फोनवर घाईघाईत अर्धंमुर्धं सांगते आणि मग रुखरुख लागते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

उत्तर आहे, नका मारू. निदान आज तरी नका.

फॉरमॅट म्हणजे डिस्क पूर्ण पुसून सिस्टिम नव्याने टाकणं. ही सवय आपल्याला जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरने लावली. व्हायरस यायचा, मशीन अडायचं, मग ओळखीतला कुणीतरी सीडी घेऊन यायचा आणि दोन तासांत सगळं नवं करून जायचा. तेव्हा ते बरोबरही होतं. मॅकची रचना मात्र वेगळी आहे. 2019 साली आलेल्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकची स्वतःची सिस्टिम डिस्कच्या एका वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या भागात असते. तिथे तुम्हाला काही लिहिता येत नाही आणि एखाद्या अ‍ॅपलाही सहसा येत नाही. म्हणजे फॉरमॅट मारल्यावर सिस्टिम होती तशीच परत येते, आणि जातं ते फक्त तुमचं. फोटो, पत्रं, फॉन्ट, हिशेब.

जातं म्हणजे काय, ते मी अनुभवलं आहे.

2014 साली माझ्याकडे जुना आयमॅक होता, 320 जीबीची हार्ड डिस्क असलेला. दिवाळी अंकाचं काम ऐन भरात आलं होतं आणि मशीन दर पाच मिनिटांनी रंगीत चक्री फिरवत बसायचं. मी एका दुकानात नेलं. तिथल्या मुलाने सांगितलं, फॉरमॅट मारतो, आधी सगळा डेटा काढून ठेवतो. त्याने डेस्कटॉप काढला, डॉक्युमेंट्स काढलं, फोटो काढले. संध्याकाळी मशीन घरी आलं ते वाऱ्यासारखं पळत होतं. मी जुन्या अंकाची फाइल उघडली. पानभर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता सडा पडलेला.

तेव्हा आम्ही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरायचो. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत 'क' हा कॉम्प्युटरच्या दृष्टीनेही 'क' असतो. त्या फॉन्टांत तसं नव्हतं. आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट त्याच्या जागी 'क'चं चित्र दाखवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं. आणि फॉन्ट होते वापरकर्त्याच्या लायब्ररी नावाच्या फोल्डरमध्ये. 2011च्या लायन आवृत्तीपासून ते फोल्डर फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइली बघायच्या खिडकीत, लपवलेलं असतं. वरच्या 'गो' मेन्यूत जाऊन ऑप्शनचं बटण दाबून धरलं तरच ते दिसतं. त्या मुलाला ते दिसलं नाही, म्हणून त्याने ते घेतलं नाही. पाच वर्षांचं काम माझ्यासमोर होतं आणि मला त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता.

पुढे एका जुन्या सहकाऱ्याकडे फॉन्टची सीडी निघाली. बऱ्याच फाइली वाचता आल्या. मग त्यातला मजकूर मी एकेक करून युनिकोडमध्ये आणला, त्यात अख्खा पावसाळा गेला. दोन फॉन्ट मात्र आजतागायत मिळालेले नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. मशीनला मुळात काय झालं होतं? डिस्क भरली होती. तीन-चार जीबी उरले होते, बाकी सगळी खचाखच. फॉरमॅटनंतर मॅक पळू लागतो हे अगदी खरं आहे, पण तो पळतो डिस्क रिकामी झाल्यामुळे. साठ-सत्तर जीबी नको असलेलं मी हाताने काढलं असतं तरी तो तसाच पळाला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या गंगापूर रोडवर सोमेश्वर आहे, तिकडून जाताना ही म्हण हमखास आठवते.

तेव्हा आग कुठे लागली आहे ते आधी बघायचं. त्यासाठी मॅकमध्येच एक खिडकी आहे, अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर. कमांड आणि स्पेस एकदम दाबा, नाव टाइप करायला लागा, समोर येईल. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, यादीत टक्क्यांच्या रकान्यावर क्लिक करून सर्वांत जास्त खाणारा वर आणा. मग मेमरीवर जा आणि खाली मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा असेल तर मेमरी पुरेशी आहे. पिवळा म्हणजे ओढाताण चालली आहे, लाल म्हणजे मेमरी कमी पडते आहे.

मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ, असं मी काकांना सांगते. ओट्यावर जागा संपली की मॅक काही भांडी उचलून फडताळात ठेवतो, लागली की परत काढतो. या ये-जा करण्यात वेळ जातो. आणि फडताळही भरलेलं असेल तर हातातलं भांडं ठेवायला जागाच राहत नाही. म्हणून आठ जीबी मेमरीचा मॅक डिस्क रिकामी असेपर्यंत निमूट चालतो आणि डिस्क भरली की एकदम रडायला लागतो. मी स्वतः पंचवीस-तीस जीबी कायम मोकळी ठेवते.

ओटा भरण्याचं सगळ्यांत साधं कारण म्हणजे खिडकीचं लाल बटण. बहुतेक अ‍ॅप त्याने बंद होत नाहीत, फक्त खिडकी मिटते. खाली डॉकमध्ये अ‍ॅपच्या चिन्हाखाली बारीक ठिपका दिसतो, म्हणजे ते चालूच आहे. कमांड-क्यू दाबलं की खरं बंद. एका काकांच्या मॅकवर मी असे चौदा ठिपके मोजले होते. एखादं अ‍ॅप अडकून बसलं तर ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबा, यादीतून त्याला निवडा आणि फोर्स क्विट करा. एका अ‍ॅपसाठी सगळं मशीन बंद करायची गरज नसते.

अपडेटनंतर स्लो झाला म्हणून येणारे फोनही पुष्कळ. नवी आवृत्ती टाकल्यावर मॅक सगळ्या फाइलींची शोधसूची पुन्हा तयार करतो, फोटोंमधले चेहरे पुन्हा तपासतो. यादीत 'एमडीएस' किंवा 'फोटोअ‍ॅनालिसिस' अशी नावं वर दिसली तर चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा. सकाळी बहुधा ठीक असतो.

आता आपल्या नाशिकची खास गोष्ट. अ‍ॅपल मॅकबुकसाठी भोवतालचं तापमान 10 ते 35 अंश सांगते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. नाशिकरोडला माझा भाचा 2017चा मॅकबुक प्रो गादीवर ठेवून काम करायचा. मे महिन्यात दुपारी एकच्या पुढे मशीन जागच्या जागी थिजायचं. यादीत सगळ्यांत वर होतं 'कर्नेल टास्क', शेकडो टक्के घेऊन बसलेलं. त्याला वाटलं हाच चोर. पण कर्नेल टास्क तेव्हा राखणदाराचं काम करत असतो. प्रोसेसर तापला की तो त्याचा वेळ स्वतःकडे अडवून ठेवतो, म्हणजे जड कामं मंदावतात आणि मशीन जरा निवतं. भाच्याला मी फक्त गादीवरून टेबलावर यायला सांगितलं, मागच्या झडपा मोकळ्या आणि वर पंखा चालू. थिजणं थांबलं. एम-वन चिपच्या आणि त्यानंतरच्या मॅकबुक एअरला तर आत पंखाच नाही. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो. तो मांडीवरच्या उशीवर ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते.

डिस्क बघायची तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात स्टोरेज. तिथे 'सिस्टिम डेटा' नावाचा करडा पट्टा बघून लोक घाबरतात. सिडकोतला माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याने एका लग्नाचं सगळं शूटिंग उडवलं, ट्रॅश रिकामा केला, तरी जागा काही वाढेना. मशीनच बिघडलं असं समजून तो निघालाच होता दुकानात. त्याच्याकडे टाइम मशीन, म्हणजे मॅकमधलीच बॅकअपची सोय, चालू होतं. ते चालू असलं की मॅक स्वतःच्या डिस्कवरही दर तासाची प्रत ठेवतो आणि ती साधारण चोवीस तास राहते, म्हणजे चुकून उडवलेलं परत मिळावं. दुसऱ्या दिवशी त्याची जागा मोकळी झाली. खरी अडगळ होती ती फायनल कट या व्हिडिओ एडिटिंगच्या अ‍ॅपने बनवलेल्या रेंडर फाइलींची. त्या अ‍ॅपच्या 'फाइल' मेन्यूतून काढता येतात आणि लागल्या तर पुन्हा तयार होतात. आयफोनचे जुने बॅकअपही याच स्टोरेजच्या पानावर सापडतात. दोन फोन बदलले तरी पहिल्या फोनचा बॅकअप तिथे तसाच पडलेला असतो.

एक धोक्याची जागा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडला, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेली असतील तर मॅकवरून फाइल काढली की ती सगळीकडून जाते. 'क्लाउडवर आहेच की' म्हणून काढू नका. मॅकवरून फक्त जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'रिमूव्ह डाउनलोड' निवडा.

"मग साफसफाई करणारं क्लीनर अ‍ॅप टाकू का?" नको. 'तुमच्या मॅकमध्ये व्हायरस सापडला' असं ब्राउझरमध्ये झळकलं तर ते पान बंद करा, त्यावरचा नंबर लावू नका.

हे सगळं करूनही सुधारलं नाही, तरीही फॉरमॅटच्या आधी दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे सेटिंग्जमधून मॅकवर एक नवा वापरकर्ता बनवा आणि त्यात लॉगिन करा. तिथे सगळं सुरळीत चालत असेल तर खोट तुमच्या खात्यातल्या एखाद्या अ‍ॅपमध्ये आहे, मशीनमध्ये नाही. लॉगिनबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते जनरलमधल्या लॉगिन आयटम्समध्ये बघा. दुसरी पायरी म्हणजे रिकव्हरीतून, म्हणजे मॅकमधल्या दुरुस्तीच्या वेगळ्या भागातून, सिस्टिम पुन्हा टाकणं. एम मालिकेच्या मॅकवर मशीन बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं, इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड-आर. त्यात 'रीइन्स्टॉल' निवडलं आणि डिस्क पुसली नाही तर तुमच्या फाइली जागेवर राहतात. दुकानात गेलात तर हा फरक स्पष्ट विचारा, पुसणार आहात की नुसती सिस्टिम टाकणार आहात?

आणि काहीही करण्याआधी टाइम मशीन. मॅकच्या दुप्पट क्षमतेची एक बाहेरची डिस्क आणा, लावा, चालू करा. मागच्या चोवीस तासांच्या ताशी प्रती, महिन्याच्या रोजच्या, आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ती ठेवते, जागा भरेपर्यंत. लपलेली लायब्ररीही त्यात येते. 2007 पासून ही सोय मॅकमध्ये आहे. म्हणजे 2014 साली माझ्या मशीनमध्येही ती होती आणि मी एकदाही वापरली नव्हती.

डिस्कवरून आठवलं. विंडोजची हार्ड डिस्क मॅकला लावली की फाइली दिसतात पण टाकता येत नाहीत. ती एनटीएफएस पद्धतीची असते, मॅक ती फक्त वाचतो. तिथेही कुणीतरी लगेच सांगतं, फॉरमॅट मार. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर एक्सफॅट करावी लागते हे खरं, पण आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेऊन मगच.

मशीन विकताना मात्र जरूर पुसा. 2021च्या माँटेरेपासून नव्या मॅकवर त्यासाठी 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' आहे. आणि जुना मॅक विकत घेताना, पैसे देण्याआधी, तो विकणाऱ्याच्या अ‍ॅपल खात्यातून सुटलेला आहे ना ते त्याच्यासमोरच सुरू करून बघा. तसा सुटला नसेल तर कितीही फॉरमॅट मारा, तो त्याचाच पासवर्ड मागत राहतो.

मैत्रिणीची मुलगी, जिचा फोन आला म्हणून हे लिहायला बसले, तिच्या मॅकवर अकरा जीबी उरले होते आणि ब्राउझरमध्ये साठच्या वर टॅब होते. तिने परवा डाउनलोड्स साफ केलं, डिस्क आणली, पहिला बॅकअप रात्रभर चालला. तुमचाही मॅक अडत असेल तर शिफ्ट, कमांड आणि 5 दाबून अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरचा आणि स्टोरेजच्या पानाचा फोटो घ्या आणि मला पाठवा. सोबत शेवटचा बॅकअप कधी झाला ते लिहा. ते कळल्याशिवाय मी पुढचं काही सांगत नाही.