तुम्ही विचारलंत म्हणून: बदललेला खुबा टिकतो किती वर्षं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुबा बदललेले निम्मे पेशंट व्यायाम करता करता हे विचारतात, उरलेल्यांची मुलं मला पॅसेजमध्ये गाठून विचारतात. "मॅडम, खर्च एवढा झालाय, टिकेल ना?"

आकडा हवा असेल तर आहे. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार शंभरातले साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. पण हे सगळे खुबे पंचवीस वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी बसवलेले, तेव्हाच्या मालाचे. तुमच्या आईंना काल बसवलेला त्यांच्यात धरू नका.

पुढचा प्रश्न ठरलेला: स्टील की टायटॅनियम? एक्स-रेत धातूच तेवढा ठळक दिसतो, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्यातच. बहुतेक खुब्यांचं आयुष्य मात्र, मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो त्या वाटीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर असतं, आणि ते एक्स-रेत धड दिसतसुद्धा नाही.

हे कळायला केवढी किंमत मोजावी लागली! इंग्लंडमध्ये लँकेशायरला राइटिंग्टन हॉस्पिटल आहे, एकेकाळचं क्षयरोग्यांचं. तिथे जॉन चार्नली या सर्जननी १९५०च्या दशकाच्या शेवटी धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी जोडी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन गुळगुळीत, घर्षण जवळपास नाहीच. पेशंट आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, आणि झिजेचा चुरा साचून सांध्याभोवती गाठी झाल्या. सुमारे ३०० जणांना ती वाटी बसवलेली होती. चार्नलींनी टेफ्लॉनचा चुरा सुईने स्वतःच्या मांडीत घालून पाहिला. तिथेही गाठ आली.

१९६२मध्ये मागावरच्या प्लॅस्टिकच्या चाकांचा एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने त्याच्याकडून पॉलिथिलीनचा तुकडा घेतला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवलं, ते रुतलं, आणि 'वेळ घालवतोयस' असं सुनावून ते निघून गेले. क्रेव्हनने तरीही तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंसुद्धा हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पॉलिथिलीनच्या वाट्या बसू लागल्या. नाव अर्थात चार्नलींचंच झालं. मला मात्र साहेबांनी मोडीत काढलेला तुकडा यंत्राला लावणारा माणूस जास्त आवडतो.

पॉलिथिलीनही झिजतंच, फक्त फार हळू. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण शरीरातल्या पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून चिडलेल्या पेशी आजूबाजूचं हाड पोखरायला लावतात आणि धातू शाबूत असूनही सांधा ढिला पडतो. १९९०च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गाचा मारा करून जास्त घट्ट बांधणीचं पॉलिथिलीन आलं, त्याची झीज बरीच कमी आहे. म्हणून तर वरच्या आकड्यापेक्षा आईंचा खुबा जास्त टिकेल अशी आशा धरायला जागा आहे.

हाड पोखरलं जात असताना बरेचदा दुखत नाही. "दुखतच नाही, मग एक्स-रे कशाला?" असं म्हणून पाचव्या वर्षी येणं बंद करणारे बरेच असतात. चार्नली स्वतः पेशंटकडून मृत्यूनंतर सांधा परत मिळण्याची परवानगी मागून ठेवत, झीज मोजायला. तुम्ही निदान सर्जननी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढून या.

आणि हो, मांडी घालण्याचं मला विचारू नका. खुबा पुढून उघडलाय की मागून, यावर ते ठरतं, आणि ते सर्जनच सांगतील. तोवर जेवण टेबल-खुर्चीवर, पंगतीतसुद्धा.