रोजनिशी : रिक्षा-टॅक्सी नको, टेम्पो घ्या

नववीला रेषीय आलेखांवरून भाड्याची तुलना शिकवायची म्हटलं की मुंबईत आधी रिक्षा-टॅक्सीच आठवते. छेदनबिंदूसाठी मात्र हे उदाहरण कुचकामी. १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने रिक्षाला पहिल्या दीड किमीचे २६ रुपये, पुढे किमीला १७.१४, टॅक्सीला ३१ आणि २०.६६. आता १७.१४ ला दीडने गुणा: २५.७१. म्हणजे रिक्षाची तिरकी रेषा मागे वाढवली तर जवळजवळ आरंभबिंदूलाच टेकते. टॅक्सीचंही तेच. टॅक्सीची रेषा कायम वर, दोघींची गाठ कुठेच पडत नाही. (शिवाय शीव-वांद्र्याच्या खाली रिक्षा जातेच कुठे, हे कोणीतरी विचारणारच.)

ज्याची सुरुवातीची ठरावीक रक्कम जास्त, त्याचा किमीचा दर कमी, असे उलटसुलट आकडे हवेत. सामान हलवणारे दोन टेम्पो, दर वर्गापुरते मानलेले. पहिला: ६०० रुपये हमाली, वर किमीला ३०. दुसरा: ३०० आणि ४५. आडव्या अक्षावर १ सेमी = २ किमी, उभ्यावर १ सेमी = १०० रुपये. बिंदू ०, १० आणि ३० किमीला घ्यायचे: पहिल्याचे ६००, ९००, १५००; दुसऱ्याचे ३००, ७५०, १६५०. रेषा २० किमीला, १२०० रुपयांवर छेदतात.

०, १, २ किमीचे बिंदू घेऊन पट्टी लावली की घोळ होतो. दोन रेषांमधला कोन लहान, त्यामुळे एक रेषा जेमतेम १ मिमी वर सरकली तरी छेदनबिंदू आडवा तीनेक मिमी, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश किमी हलतो. दुसरी हमखास चूक म्हणजे ‘शून्य किमी, शून्य भाडं’ म्हणून दोन्ही रेषा आरंभबिंदूतून काढणं. टेम्पो जागचा हलला नाही तरी हमाली द्यावीच लागते, एवढं बोललं की पुरतं.

खरी गंमत तिसऱ्या टेम्पोत. ३० किमीपर्यंत कितीही जा, सरसकट १३५०. ही आडवी रेषा दुसऱ्या टेम्पोला साधारण २३.३ किमीला छेदते आणि मुलं लगेच त्या बिंदूला गोल करतात. पण तिथे पहिला टेम्पो १३०० रुपयांतच नेतोय, त्यामुळे तो बिंदू काही ठरवत नाही. प्रत्येक अंतराला सगळ्यांत खालची रेषा तेवढी रंगीत पेन्सिलीने गिरवायला लावावी: २० पर्यंत दुसरा, २० ते २५ पहिला, पुढे ३० पर्यंत तिसरा.