बुडवून काढलं तर नाही का चालणार?

हाडात बसवायच्या टायटॅनियमवर मी इंकजेटने लेप छापते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढा खटाटोप कशाला? द्रावणात बुडवायचं, काढायचं, वाळवायचं." तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

बुडवून चालतं. पण मग सगळा तुकडा माखतो आणि मला नेमकं तेच नको असतं. टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा आपोआप धरतो आणि हाडाच्या पेशींचं त्याच्याशी चांगलं जमतं. लेप हवा तो जंतूंना रोखण्यासाठी. पेशी आधी बस्तान बसवतात की जंतू, याला अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली 'पृष्ठभागासाठीची शर्यत' म्हटलं होतं. जंतूंचा चिकट थर एकदा जमला की भली भली औषधं हात टेकतात. म्हणून प्रतिजैविक मिसळलेले ठिपके छापायचे आणि मधली जागा पेशींसाठी मोकळी सोडायची. खरं तर मी ती मोकळी जागाच छापते.

शाई म्हणजे द्रावकात विरघळवलेलं पीएलजीए. शरीरात विरघळणारे टाके ज्या कुळातले, त्यातलंच हे पॉलिमर. पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात, लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल उरतं, काही आठवड्यांत लेप संपतो. पण ते आम्ल साचलं तर तुटणं आणखी वेगाने होतं. म्हणून शाईत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण घालतो. हे सिरॅमिक हाडातल्या खनिजाचं भाऊबंद आणि ते आम्लाची धारही बोथट करतं.

मात्र हेच कण नोझलला, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या बारीक तोंडाला, छळतात. नोझलच्या भोकापुढे कण अगदी नगण्य हवेत. दोन-चार एकमेकांना चिकटले की सकाळ नोझल धुण्यात जाते. पॉलिमरची तऱ्हा वेगळी. लुकलुकत्या दिव्यापुढे कॅमेऱ्यात पाहिलं की थेंब नोझलपासून सुटतो, पण मागे धाग्यासारखी शेपटी ओढत नेतो आणि ती तुटून नको तिथे शिंतोडे पडतात. मग शाई पातळ करायची, की ठिपक्यात माल कमी. एक थेंब सुमारे ५० पिकोलिटरचा. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबात असे दहा लाख मावतील.

वाळतानाही खोड्या आहेतच. कॉफीचा थेंब वाळल्यावर कडेला गडद कडं उरतं ना, तसंच इथेही होतं: सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याऐवजी बांगडी दिसते, मध्ये जवळजवळ काहीच नाही. सावकाश उडणारा दुसरा द्रावक थोडा मिसळला की कडेकडे धावणारा माल मागे वळतो. हे प्रमाण जमायला मला वाटलं होतं त्याहून फार जास्त दिवस लागले.

"मग हे रुग्णांना केव्हा मिळणार?" हा दुसरा प्रश्न. घाई नको. पीएलजीए ४५-५० अंश सेल्सिअसलाच मऊ पडतं, त्यामुळे १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करणं बाद. गॅमा किरण वापरावे तर त्यांनीही साखळ्या थोड्या तुटतात. शिवाय आमचे देखणे ठिपके सपाट चकत्यांवरचे आहेत. स्क्रूच्या आट्यांवर थेंब तिरका पडतो आणि ओघळतो. पण तिथे बुडवणाऱ्यांचंही काही खरं नाही. त्यांचं द्रावण खाचांत साचून बसतं.