वनराई बंधारा: एका सकाळचं काम आणि ४७ दिवसांचं पत्र

मावळातल्या एका ओढ्यावर आमच्या क्लबने पोत्यांचा बंधारा घातला. काम चार तासांत झालं. त्याच्या ‘हरकत नाही’च्या पत्राला ४७ दिवस लागले. त्या ४७ दिवसांत ओढ्याचं पाणी एक चतुर्थांशावर आलं. म्हणून बंधारा कसा बांधायचा याच्याआधी त्या पत्राबद्दल लिहितो. बांधकाम कुणीही शिकवेल. कागदाचं कुणी सांगत नाही.

रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून, ती ओढ्यात आडवी रचून पाणी अडवायचं, एवढीच वनराई बंधाऱ्याची कल्पना. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रभर रुळलं. हा बंधारा तात्पुरता असतो. पावसाळा संपल्यावर घालायचा, उन्हाळ्यापर्यंत वापरायचा, पुढच्या पावसाआधी काढायचा. त्याला वेळ मात्र फार थोडा मिळतो. परतीचा पाऊस व्हायच्या आत घातला तर एका रात्रीत वाहून जातो. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काय तो अवधी, आणि त्यातच दिवाळी. दिवाळीच्या आठवड्यात स्वयंसेवक मिळत नाहीत आणि कार्यालयात सही करणारेही मिळत नाहीत.

अर्ज आम्ही १८ सप्टेंबरला दिला. आम्हाला तो वेळेत दिला असं वाटलं होतं. आता म्हणेन, जुलैमध्ये द्यायला हवा होता. रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवे अध्यक्ष तेव्हाच येतात आणि पहिले दोन महिने पदग्रहण, वृक्षारोपण, वह्यावाटप यात जातात. बंधाऱ्याचा विषय निघतो तो गणपती झाल्यावर. नव्या कार्यकारिणीने पहिल्या सभेत बंधाऱ्याचा ठराव करून त्याच आठवड्यात अर्ज टाकावा.

कागद लागतो का, असं बरेच जण विचारतात. लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २०नुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रं शासनाच्या मालकीची आहेत. दोन्ही काठांवरची शेतं खासगी असली तरी मधला ओढा तुमचा नाही, गावाचाही नाही. उद्या खालच्या अंगाच्या एखाद्याने तक्रार केली तर क्लबच्या हातात काहीतरी असायला हवं. त्यामुळे कागदाला माझी हरकत नाही. तो कसा मिळाला, याला आहे.

ग्रामपंचायतीचं सोपं होतं. मासिक सभेत ठराव झाला, चार दिवसांत प्रत मिळाली. ती जोडून अर्ज तालुक्याच्या कार्यालयात दिला. तिथे तो टेबलावर ठेवून घेतला गेला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं. आम्ही गेलो, तेव्हा अर्ज आवक नोंदवहीत चढलाच नव्हता. म्हणजे कार्यालयाच्या लेखी आम्ही काही दिलंच नव्हतं. बारा दिवस इथे गेले. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उशीर होतो, मागचे लोक कुरकुरतात, तरी हलू नका.

मग पहिली त्रुटी निघाली: जागा कुठली ते कळत नाही. अर्जात आम्ही ‘मारुतीच्या देवळामागचा ओढा’ असं लिहिलं होतं. गावात ते सगळ्यांना कळतं, कार्यालयात नाही. गाव नकाशाची प्रत काढून त्यावर लाल शाईने खूण केली, दोन्ही काठांचे गट नंबर लिहिले, मोबाइलवर अक्षांश-रेखांश उमटणारे दोन फोटो जोडले. त्रुटी रास्त होती. पण ती पहिल्या दिवशी सांगता आली असती.

नऊ दिवसांनी दुसरी त्रुटी. काठावरच्या शेतकऱ्यांची संमती हवी. दोन्ही काठांचे आणि पाणी मागे जिथपर्यंत तुंबेल तिथपर्यंतचे खातेदार मोजले तर सहा निघाले. त्यातले दोघे पुण्याला नोकरीला, एका सातबाऱ्यावर चार भावांची नावं. संमतीपत्रासाठी रविवार घालवावा लागला. सातबारा ऑनलाइन काढता येतो, म्हणून आधी नावं पाहा आणि मगच गावात जा. मयत खातेदाराचं नाव अजून उतरलेलं नसेल तर वारसांपैकी जो प्रत्यक्ष शेत कसतो त्याची सही घेऊन तसं स्पष्ट लिहा. आमचं ते चाललं.

तिसऱ्या त्रुटीने खरा घात केला. अर्जात एक वाक्य होतं: ‘पोती भरण्यासाठी माती व मुरूम उपलब्ध करून घेण्यात येईल.’ मुरूम हा शब्द दिसला आणि फाईल गौण खनिजाच्या (माती, मुरूम, वाळू यांच्या उपशाच्या) टेबलावर गेली. मुरूम कुठून आणणार, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), रॉयल्टी भरणार का, असे प्रश्न आले. अडीचशे पोत्यांत मिळून सहा-साडेसहा घनमीटर, म्हणजे सव्वादोन ब्रासच्या आसपास माती जाते आणि तीही आम्ही त्याच ओढ्यातून घेणार होतो. तोंडी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. फाईल दोन टेबलांच्या मध्ये १४ दिवस पडून होती. मधले पाच दिवस दिवाळीचे. शेवटी नवं पत्र दिलं, त्यात लिहिलं: ‘पोती भरण्यासाठी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढ्याच्या पात्रात साचलेला गाळच वापरला जाईल. कोणतेही गौण खनिज बाहेरून आणले जाणार नाही अथवा पात्राबाहेर नेले जाणार नाही. बांधकामात सिमेंट, लोखंड वापरले जाणार नाही. बंधारा तात्पुरता असून ३१ मेपूर्वी क्लब स्वखर्चाने तो काढून घेईल.’ या चार वाक्यांनंतर सहा दिवसांत सही झाली. अर्जात ही चार वाक्यं पहिल्याच दिवशी घाला. मुरूम हा शब्दच येऊ देऊ नका, कारण त्याची गरजही नसते.

पत्र दोन ओळींचं आहे. ४ नोव्हेंबरची तारीख आहे. मला अजूनही त्या दोन ओळींचा राग येतो, कारण दर आठवड्याला आम्ही ओढ्याचं पाणी मोजत होतो. मोजायची रीत साधी आहे: ओढा जिथे अरुंद होतो तिथे चिखलाचा छोटा आडोसा करून सगळं पाणी एका पाइपातून काढायचं आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहायचं. ५ ऑक्टोबरला बादली ५ सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला ३ लिटर. ४ नोव्हेंबरला २० सेकंद लागले, म्हणजे पाऊण लिटर.

याचा अर्थ काय ते सांगतो. आमच्या जागी ओढा वर सहा मीटर, तळाला चार मीटर रुंद. बंधारा एक मीटर उंच. तळाचा उतार साधारण पन्नासात एक, म्हणजे पाणी पन्नासेक मीटर मागे पसरतं. सरासरी रुंदी पाच मीटर धरली आणि खोली शून्यापासून एक मीटरपर्यंत धरली तर १२५ घनमीटर, सव्वा लाख लिटर पाणी. सेकंदाला ३ लिटरने ते बारा तासांत भरलं असतं. पाऊण लिटरने जवळजवळ दोन दिवस, आणि सुरुवातीचा पाझर वजा जाता आम्हाला चार दिवस लागले. बादलीला ३० सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर त्या जागेचा नाद सोडा. खालच्या अंगाला, जिथे दुसरी ओहळ मिळते, तिथे जागा शोधा.

कृषी विभागाची किंवा पंचायत समितीची बंधाऱ्यांची मोहीम तुमच्या गावात चालू असेल तर हे सगळं टाळता येतं. क्लबने वेगळा अर्ज न करता त्यांच्या यादीत आपला ओढा घालून घ्यावा आणि माणसं व पोती पुरवावीत. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) एकदा जागेवर आणा. आमच्या जागेवर ते आले होते. त्यांनी जागा दहा मीटर वर सरकवायला सांगितली, कारण आम्ही निवडलेल्या ठिकाणी एका काठाला भुसभुशीत भर होती आणि बंधारा बाजूने फुटला असता. काठ दोन्हीकडे घट्ट, पात्र अरुंद आणि वर पसरट, अशी जागा हवी.

आता पोती. आम्हाला २५० लागली, ३०० जमवली होती, ३० फाटकी निघाली. बांधकामांवर मागितली की मिळतात, पण दोन महिने आधी सांगून ठेवा, नाहीतर ती भंगारात जातात. विणलेल्या प्लॅस्टिकचीच घ्या, कागदी निरुपयोगी. उन्हात वर्षभर पडलेली घेऊ नका, बोटाने दाबलं की भोक पडतं. प्रत्येक पोतं उलटं करून झटका, आतली सिमेंट ओल्या हाताला भाजते. युरियाची ४५ किलोची पोतीही मिळतात, पण ती धुतल्याशिवाय ओढ्यात नकोत. त्या पाण्यावर गुरं येणार आहेत आणि युरिया गुरांना विषारी आहे.

पोतं तोंडापर्यंत भरायचा मोह सगळ्यांना होतो. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, गोल पोत्यांमध्ये फटी राहतात, फटीतून पाणी जातं. अर्ध्याहून थोडं जास्त भरा, ४० किलोच्या आसपास, म्हणजे ते चपटं बसतं आणि दोघांना उचलता येतं. तोंड दाभणाने शिवायचं. पहिल्यांदा आम्ही तागाची सुतळी आणली होती. ती पाण्यात दोन महिन्यांत कुजते. नायलॉनची आणा. नुसती वाळू भरू नका, ती पाणी धरत नाही. नुसती काळी मातीही नको, वरच्या थरात ती सुकून आकसते आणि पोती सैल पडतात. गाळ आणि थोडी रेती असं मिश्रण बरं.

रचण्याआधी पात्रातले दगड, पाला, मुळं काढून घट्ट तळ लागेपर्यंत साफ करा. हे काम आदल्या दिवशी पाच-सहा जणांनी उरकावं. दगड हाताने उचलण्याआधी पहारेने हलवा. खाली विंचू असतात, कधी सापही. दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर खाच खणा आणि पोत्यांची ओळ त्या खाचेत घुसवा. बहुतेक बंधारे मधून फुटत नाहीत, काठाजवळून फुटतात, आणि कारण ही खाच न खणणं हेच असतं.

तळाला तीन पोत्यांची जाडी ठेवली, लांबी पाण्याच्या दिशेने. वर जाताना ती कमी करत शेवटी एक पोतं लांबीचं आणि एक रुंदीचं. एक मीटर उंचीला आठ थर बसले. गवंडी विटांची सांधमोड करतो तशी पोत्यांची करायची, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरच्याचं पोट आलं पाहिजे. शिवलेलं तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या दाबाने ते मिटलेलं राहतं. प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. पाण्याच्या बाजूला चिकण मातीचा हातभर जाड लेप द्या. आम्ही लेप शेवटी द्यायचं ठरवलं, आणि तो देता देता उशीर झाला. थराबरोबर द्या.

बरोबर मध्यभागी दीड मीटर रुंदीत एक थर कमी ठेवा. तो सांडवा. जास्तीचं पाणी तिथूनच पडलं पाहिजे. ते पडतं तिथे खालच्या अंगाला मोठे दगड पसरा, नाहीतर पडणारं पाणी पाया उकरतं आणि बंधारा पुढे झुकतो.

चाळीस माणसं पुरली: वीस भरायला, सहा शिवायला, दहा साखळी करून पुढे द्यायला, चार रचायला. रचणारे चारच हवेत आणि त्यातला एक गावातला गवंडी असावा. साठ माणसं आली तर वीस नुसती उभी राहतात आणि दुसऱ्या वर्षी येत नाहीत. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी उत्तम, पण त्यांचं सात दिवसांचं विशेष शिबिर बहुधा हिवाळ्यात असतं, तोवर ओढा आटलेला असतो. त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना नोव्हेंबरचा एक रविवार आधीच मागून घ्या. पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि हातमोजे क्लबने न्यावेत. जेवण गावाने पिठलं-भाकरीचं केलं, ते त्यांनीच करावं असं माझं मत आहे, कारण मग बंधारा त्यांचा होतो.

पहिला महिना दर आठवड्याला कुणीतरी फेरी मारायची. खेकडे काठाला भोकं पाडतात, तिथून पाण्याची बारीक धार लागते. धार गढूळ दिसली तर माती वाहतेय असं समजा आणि त्याच दिवशी चिकण माती कोंबून ठोका. धार स्वच्छ असेल तर घाई नाही. उघडी पोती उन्हाने तडकतात, वरच्या थरावर गवताचे भारे टाकून ठेवा. आमचं पाणी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकलं. वरच्या बाजूच्या दोघांनी त्यावर हरभरा केला. महिनाभर आधी अडवलं असतं तर विहिरींना किती लाभ झाला असता, हे मी अजून मनात मोजतो.

मेच्या शेवटच्या रविवारी पंधरा जणांनी पोती काढली. माती काठाच्या शेतात पसरली, प्लॅस्टिक मोजून आणलं: २५० गेली होती, २२३ परत आली. २७ पोत्यांचे धागे ओढ्यातच राहिले. यंदा वरचे दोन थर गोणपाटाने झाकणार आहोत. अर्ज २ जुलैला दिला आहे, दोन प्रतींत, आवक क्रमांकासह.