पिवळा पाच

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ बसून हळदीच्या सौद्यांच्या वहीतले आकडे वाचून दाखवत असे. त्यातला प्रत्येक पाच मला पिवळा दिसे आणि सात गडद निळा. शाई सगळीकडे काळीच आहे, हेही त्याच वेळी स्पष्ट दिसत असे. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर हळदीत बसल्यावर पिवळंच दिसणार की!" निळ्या साताचे काय, हे मी विचारले नाही.

याला सिनेस्थेशिया म्हणतात, हे मला चाळिशीनंतर मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीकडून कळले. तिने माझ्याकडून छत्तीस अक्षरांचे आणि आकड्यांचे रंग लिहून घेतले आणि चार महिन्यांनी, पूर्वसूचना न देता, पुन्हा विचारले. रंगांचे हे सातत्य खऱ्याखोट्याची कसोटी म्हणून १९८७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी वापरले होते. मग तिने लॅपटॉपवर लाल रंगातला पाच दाखवून शाईचा रंग सांगायला लावला, आणि मी अडखळलो.

मी उत्तीर्ण झालो, पण मला त्याचे फारसे समाधान वाटले नाही. रंगांची यादी घोकून पाठ केलेला माणूसही सातत्य दाखवील आणि कदाचित अडखळेलही. २०१४ मध्ये ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी सिनेस्थेशिया नसलेल्या प्रौढांकडून नऊ आठवडे अक्षर-रंगांच्या जोड्यांचा सराव करून घेतला, तेव्हा ते अशा चाचण्यांत उतरले. इतकेच नव्हे, तर काळी अक्षरे रंगीत भासतात असेही त्यांतले अनेक जण सांगू लागले. तीन महिन्यांनी तो भास बराचसा ओसरला होता. तो ओसरला हे संशोधकांना कशावरून कळले? त्यांना विचारूनच. बाजारात हळकुंड मोडून दोन व्यापारी आतला रंग पाहतात आणि त्यांचे दरावर एकमतही होते. दोघांना दिसलेला पिवळा एकच होता का, हे मात्र त्या दरावरून ठरत नाही.

मुलीच्या तक्त्यात मी लाल पाचापाशी किती थबकलो, ते सेकंदाच्या अंशांत लिहिलेले आहे. त्या क्षणी तो पाच मला लालही दिसत होता आणि पिवळाही, आणि दोन्ही रंग मिसळून नारिंगी झाला नव्हता. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी तोंडी सांगितले, ते तिने समासात पेन्सिलीने टिपून घेतले.