टॉप लोड मशीन घेताना आधी झाकण पाहिलं

आमच्या जुन्या सेमी ऑटोमॅटिक मशीनला दोन झाकणं होती. धुण्याच्या टबावरचं फक्त पाणी उडू नये म्हणून. स्पिनवरचं मात्र खरं कामाचं. ते नीट बसलं की त्याची प्लास्टिकची जीभ आतला स्विच दाबते आणि मगच मोटर फिरते. उचललं की मोटर बंद पडते आणि ब्रेक लागतो. यंदा ही जीभच मोडली आणि स्पिन थांबलं. मॉडेल जुनं, नवीन झाकण कुठे मिळेना. मेकॅनिक म्हणाला, "ताई, स्विच डायरेक्ट करून देतो, झाकण नसलं तरी फिरेल." मी स्पष्ट नाही म्हटलं. तो छोटा ड्रम मिनिटाला साधारण 1300 फेरे घेतो. त्यात ओढणीचं टोक अडकलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही, आणि घरात माझ्या बहिणीचा लहान मुलगा सारखा येत-जात असतो. कुणीही असं डायरेक्ट करून घेऊ नये, हे अगदी कळकळीने सांगते.

नवीन घ्यायचं ठरलं. आईचे गुडघे दुखतात, वाकून कपडे काढणं तिला जमत नाही, म्हणून फ्रंट लोडचा प्रश्नच नव्हता. राहिलं फुली ऑटोमॅटिक टॉप लोड. मशीन ठेवायची जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथे भिंतीत कडप्प्याचं शेल्फ बसवलेलं आहे, जमिनीपासून 122 सेंटीमीटरवर. घर भाड्याचं, शेल्फ काढता येणार नाही.

दुकानात सगळे किलो आणि स्टार सांगतात. माहितीपत्रकात उंची असते तीही झाकण बंद असतानाची. आमच्या कामाची होती ती झाकण पूर्ण उघडल्यावरची उंची. मी टेप घेऊनच गेले आणि प्रत्येक मशीनचं झाकण उघडून जमिनीपासून मोजलं. सेल्समनने मनापासून मदत केली, झाकणं धरून उभा राहिला. एकसंध काचेचं झाकण असलेली मशीन्स उघडल्यावर 130 च्या पुढे जात होती, म्हणजे आमच्याकडे झाकण अर्ध्यावरच शेल्फला आपटलं असतं. मध्ये दुमडणारं झाकण असलेलं एक मशीन 114 वर थांबलं. कंपन्यांच्या वेबसाइटवरच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा आकृतीत ही उघडी उंची दिलेली असते. घरून निघण्याआधी तीच पाहून घ्यावी.

स्टँडचा हिशेबही इथेच येतो. चाकांचा स्टँड साधारण 12 सेंटीमीटर उंची वाढवतो. 114 मध्ये 12 मिळवले की आमचं शेल्फ आडवं आलंच. म्हणून स्टँड घेतला नाही, पायांखाली जाड रबरी पॅड घातले. बाल्कनी धुताना पाणी मशीनखाली जातं, तेवढं पुसून घ्यावं लागतं.

उंचीचा प्रश्न नसता तर मी एकसंध काचेचं झाकण घेतलं असतं का? बराच विचार केला. ते दिसायला सुरेख असतं, एका फडक्यात पुसून होतं, आणि सॉफ्ट क्लोज असेल तर हातातून सुटलं तरी हळूहळू खाली बसतं. पण ते वजनदार असतं. आईच्या मनगटात संधिवात आहे, म्हणून तिलाच दुकानात नेलं आणि दोन्ही प्रकारची झाकणं तिच्याकडून उघडून घेतली. काचेचं उचलताना तिला दुसरा हात लावावा लागला. दुमडणारं एका हाताने वर गेलं. "हे बरं आहे गं," एवढंच म्हणाली, पण मला तेवढं पुरेसं होतं. एक सांभाळायचं: बोटं पुढच्या कडेलाच धरायची. मधल्या सांध्यात बोट चेमटू शकतं.

बटणं कुठे आहेत हेही झाकणासोबतच पाहावं. आमच्या मशीनचं पॅनेल मागे आहे, आणि दुमडलेलं झाकण त्याच्यापुढे उभं राहतं. त्यामुळे प्रोग्रॅम झाकण बंद करूनच लावावा लागतो. पुढे पॅनेल असलेल्या मशीनमध्ये ही अडचण नाही, पण ओले कपडे काढताना त्यावर पाणी ठिबकत राहतं. आईला आकडे मागच्या पॅनेलवरही नीट वाचता येतात, म्हणून मी त्यावर फार अडून बसले नाही.

मधल्या सांध्यात मात्र पावडर आणि कपड्यांची लव साचते. जुना टूथब्रश फिरवला की निघते. धुणं झाल्यावर झाकण थोडा वेळ उघडं ठेवतो, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर ड्रमला कुबट वास येतो.

मशीन बसवायला आलेल्या माणसाला मी आधी झाकणाची चाचणी दाखवायला सांगितलं. त्याने स्पिन सुरू केलं आणि झाकण वर केलं. बीप वाजला, पडद्यावर दार उघडं असल्याची खूण आली, ड्रम थांबला. बंद केल्यावर पुन्हा सुरू झाला. मग चाइल्ड लॉक कसं लावायचं ते त्याने आईला दोनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा तिने स्वतः लावलं. त्यानंतरच मी कागदावर सही केली.