पाच लिटरांचा मासा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी पहिल्यांदा येणारं माणूस हॉलच्या कोपऱ्यातली काचेची टाकी बघतं, तिच्यातल्या निळ्या माशाचं कौतुक करतं आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतं, ‘लातुरात राहून मासा? पाणी कसं पुरतं?’ शेजारच्या काकूंनी आडपडदा ठेवला नाही. ‘ताई, माणसाला पाणी मिळंना, अन् तुम्ही माशाला कुठून आणलालाव?’

मला या प्रश्नाचा राग येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मीही घागरी घेऊन रांगेत उभी होते. त्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा ज्यानं काढला त्याला लिटर म्हणजे किती, हे मापाशिवाय कळतं. म्हणून उत्तरही लिटरातच देते. माझ्या माशाला आठवड्याला पाच लिटर पाणी लागतं. भर उन्हाळ्यात सहा, फार तर सात. आणि ते पाचही लिटर नंतर झाडांना जातात.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण समोर पंचवीस लिटरांची टाकी दिसते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘त्यापेक्षा छोट्या बाउलमध्ये ठेवा की. दुकानात तर एवढ्याशा डब्यात असतो.’ माझीही सुरुवात तशीच झाली होती. लेकीनं हट्ट केला, आम्ही एक लाल फायटर आणला (आपल्याकडे दुकानात बेटा जातीच्या माशाला फायटरच म्हणतात) आणि तीन लिटरांच्या गोल भांड्यात सोडला. पाणी दोन दिवसांत गढूळायचं, वास यायचा. म्हणून एक दिवसाआड सगळं बदलायचे. हिशेब करून बघा, आठवड्याला दहा लिटरांच्या वर जातं. म्हणजे आता लागतं त्याच्या दुप्पट. आणि एवढं करूनही तो मासा सुखात नव्हता. पंख मिटून तळाशी पडून राहायचा. एका सकाळी टँकर आला, मी घाईत तेच ताजं पाणी भांड्यात ओतलं. त्यात ब्लीचिंग पावडरचा वास येत होता, तो मला आला होता, तरी मी थांबले नाही. संध्याकाळपर्यंत मासा गेला. लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. चूक माझीच होती, आणि ती मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले, आणि बाउलचं गणित कुठं चुकतं ते समजलं. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि वनस्पती खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडावर घर करतात. फिल्टर नसलेला बाउल आपण दर दोन दिवसांनी घासूनपुसून लख्ख करतो, म्हणजे ते घर बसूच देत नाही. मग विष पातळ करायला नवं पाणी, पुन्हा नवं पाणी, हे चालूच राहतं. टाकीत ते काम जिवाणू करतात. पाणी वाचतं ते त्यामुळे.

आपल्या भागात हे अधिकच लागू पडतं. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका तोच अमोनिया जास्त घातक होतो. बोरचं पाणी कसं असतं ते सांगायला नको. बादलीच्या कडेला पांढरा थर, डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. त्यात मे महिना. मऊ, थंड पाण्याच्या गावात जे एखाद्या माशाला निभावून जाईल, ते मराठवाड्यात निभावत नाही.

‘पण हा मासा डबक्यात राहतो ना?’ असं म्हणणारे पुष्कळ. हा समज कुठून आला तेही सांगते. बेटा मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला ‘पला कात’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९मध्ये त्या देशानं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तो राहतो भाताच्या खाचरांत आणि दलदलीत. ते पाणी उथळ असतं खरं, पण अफाट पसरलेलं असतं. आपण तूर-सोयाबीन-ज्वारीची माणसं, डोळ्यांपुढे खाचर येत नाही, डबकं येतं. दुसरं कारण त्याच्या श्वासाचं. कल्ल्यांच्या वर त्याला घड्याघड्यांचा एक वेगळा अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपली मरळही अशीच हवा घेते, म्हणून तर बाजारात ती घमेल्यातल्या थोड्याशा पाण्यात तासन्‌तास जिवंत दिसते. मरळ घमेल्यात तग धरते म्हणून तिला घमेलं आवडतं, असं आपण म्हणत नाही. बेटाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हणतो.

आता माझी टाकी. दीड फूट लांब, दहा इंच रुंद, एक फूट उंच. वरची दोन इंच मोकळी ठेवते, कारण त्याला वर हवा लागते आणि तो उडीही मारतो. वाळू वजा जाता पाणी साधारण पंचवीस लिटर. तळाला नदीची वाळू, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. दगड काळ्या पाषाणाचे, ते आपल्याकडे पावलोपावली मिळतात आणि पाण्यात काही सोडत नाहीत. पांढरे, चुनखडीचे दगड नकोत, पाणी आणखी जड होतं. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर तो दगड कुंडीत ठेवा. दोन वनस्पती आहेत, अनुबियस आणि जावा फर्न. दोन्हींना फार उजेड लागत नाही, फक्त त्यांचा खोडासारखा आडवा भाग वाळूत पुरायचा नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचा. फिल्टर साधा, स्पंजचा, छोट्या एअर पंपावर चालणारा. जोराचा फिल्टर घेऊ नका. याचे पंख लांब आणि जड, प्रवाहात तो दमून जातो.

आणि मग थांबायचं. हा भाग लोकांना पटत नाही. टाकी भरली, फिल्टर चालू झाला, की लगेच मासा हवा असतो. मी चार ते सहा आठवडे थांबा म्हणते. दुधाला विरजण लावून आपण रात्रभर भांडं हलवत नाही, तसंच हे. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंची वस्ती बसायला लागते. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या. विरजण चांगलं मिळालं की दही लवकर लागतं. थेंबांचा टेस्ट किट मिळतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की मासा आणा. त्याआधी नाही. माझ्या लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर अडतीस दिवस फुल्या मारल्या, मग हा निळा फायटर, निळू, घरी आला.

पाण्याची तयारी मी नळ येतो त्या दिवशीच करते. एका बादलीत पाच लिटर बाजूला काढते, झाकण न ठेवता एक दिवस मुरू देते, आणि तरीही अँटी-क्लोरीनचे थेंब घालते. नुसतं ठेवल्यानं क्लोरीन उडून जातं, पण पाण्यात क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडत नाही. टँकरचं पाणी तर थेंबांशिवाय टाकीत जाऊच देत नाही. आमचं बोरचं पाणी फार जड आहे, म्हणून त्यात निम्मं जारचं, म्हणजे आरओचं पाणी मिसळते. नुसत्या आरओवर मासा ठेवू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच आणि तेही त्याला सोसत नाही. एक जण मला फार आस्थेनं म्हणाले, आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं ते वापरा की. ते पाणी फरशी पुसायला चांगलं. माशाला नको, त्यात काढून टाकलेले सगळे क्षार एकवटलेले असतात.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी वाफेनं उतरतं तेव्हा लोक वरून बोरचं पाणी भरत राहतात. वाफ होते ती पाण्याची, क्षार खालीच राहतात. चार वेळा असं केलं की टाकीतलं पाणी बोरपेक्षाही जड होतं. म्हणून उतरलेल्या पाण्याची भर मी फक्त आरओच्या पाण्यानं घालते.

रविवारी सकाळी नळी लावून तळातली घाण ओढत पाच लिटर पाणी काढते. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळते. नळाखाली धुतला तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि सगळी मेहनत पुन्हा शून्यावर. मग ती बादली गॅलरीत. कढीपत्ता, तुळस, मोगरा. त्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांचं खाणंच. माशाच्या आजारपणात टाकीत मीठ किंवा औषध घातलेलं असेल, तेवढेच दिवस ते पाणी झाडांना देत नाही.

ऋतूंचं मात्र सांभाळावं लागतं. बेटाला २५ ते २८ अंश हवे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस होतात, घरातलं पाणीसुद्धा तापतं. मी टाकी खिडकीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीला ठेवली आहे. दुपारी झाकण काढून मच्छरदाणीची जाळी लावते आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडते. बाहेरून ओलं फडकं गुंडाळते. माठाला ओलं गोणपाट लावायची आपली पद्धत, तीच. आपली हवा कोरडी असल्यानं हा उपाय लागू पडतो, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, तापमान एकदम पडलं तर मासा आजारी होतो. थंडीत उलट काळजी. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो, आमच्याकडेही रात्री बोचऱ्या असतात. पंचवीस वॅटचा, आपोआप बंद होणारा हीटर या टाकीला पुरतो. पाणी काढण्याआधी तो बंद करायला विसरू नका. लाईट गेली तर घाबरू नका, हवा तो वरून घेतोच. बराच वेळ आली नाही तर थंडीत टाकीभोवती घोंगडी गुंडाळते.

बदामाच्या पानांबद्दल शाळेतली मुलं विचारतात, कारण पानं तीच आणून देतात. शाळेच्या आवारात असतो तो देशी बदाम. गळून वाळलेलं, तपकिरी पान घ्यायचं, धुवायचं, अर्धं पाण्यात सोडायचं. पाण्याला चहाचा रंग येतो. त्यात टॅनिन असतं, बेटाच्या मूळच्या पाण्यातही पानं कुजून असाच रंग आलेला असतो. आपल्या जड पाण्याचा सामू (pH) त्यानं फारसा उतरत नाही, पण निळू त्या पानाखाली झोपतो आणि मला तेवढं पुरे आहे.

खाणं सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. तो एकटाच राहतो. ‘जोडीदारीण आणा’ असं प्रेमानं सांगितलं जातं, पण त्याला जोडी नको असते. दोन नर तर एकमेकांना फाडतात. मजा म्हणून आरसाही दाखवू नका. तो लढायला उभा राहतो, आणि समोरचा कधीच हटत नाही. कंटाळा आला म्हणून विहिरीत किंवा तळ्यात सोडणं तर नकोच.

काकूंनी परवा पुन्हा विचारलं, या वेळी वेगळं. ‘अन् ताई, पुन्हा सोळा सालासारखं झालं तर?’ मी थोडा वेळ गप्प राहिले. बेटा साधारण तीन वर्षं जगतो, कधी चार-पाच. निळू आमच्याकडे आला त्याला दोन वर्षं होत आली. तसा उन्हाळा आला तर नवा मासा मी आणणार नाही, हे नक्की. पण याला मी आणलंय. आंघोळीला मी एक बादली घेते, पंधरा लिटरांची. त्या दिवसांत शनिवारी दहा लिटरांत आंघोळ करीन. काकूंना तसंच सांगितलं. त्या टाकीजवळ गेल्या, वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ह्याला शेपटीला लाल रंगही हाय की, लांबून दिसला नव्हता.’